टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे ‘डिझायनर बेबी’ नव्हे

आमच्या रामबागेतल्या घरी दहावीतली भाची एक विज्ञानकादंबरी वाचत होती. तिच्यातले आईबाप बाळाचे डोळे, उंची, बुद्धी यादीतून निवडतात, म्हणजे ‘डिझायनर बेबी’. शेजारच्या काकू म्हणाल्या, “टेस्ट ट्यूब बेबी म्हणजे तेच की!” इंदुरात हे मी लहानपणापासून ऐकतेय. ते खरं नाही.

आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात, स्त्रीबीज आणि शुक्राणू यांचं मीलन शरीराबाहेर होतं, इतकंच. जनुकांत कुणी काही बदलत नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली, त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून भारतातली पहिली, दुर्गा. तेव्हा जनुकं कापणारं क्रिस्पर तंत्र नव्हतंच. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी भ्रूण तपासतात, पण ती निवड असते, बदल नव्हे. आणि मुलगा-मुलगी निवडणं आपल्याकडे गुन्हा आहे.

भ्रूणाची जनुकं बदलून मुलं जन्माला घातल्याचं २०१८ मध्ये चीनचे शास्त्रज्ञ ह च्यानख्वे यांनी जाहीर केलं. एचआयव्हीपासून संरक्षण मिळावं म्हणून त्यांनी सीसीआर५ हे एकच जनुक निवडलं होतं, आणि तेही हवं तसं बदललं नाही. त्यांना तीन वर्षांची कैद झाली.

उंचीचंच बघा: २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात तिच्याशी निगडित डीएनएमधल्या बारा हजारांहून जास्त जागा सापडल्या. बुद्धीत तर घर, शाळा, आहार यांचाही वाटा. यादीतून काय निवडणार?

मनाला खरं लागतं ते वेगळंच. वर्षानुवर्षं वाट पाहून झालेल्या लेकराला लोक ‘बनवलेलं’ म्हणतात. काकूंना मी हेच सांगितलं.