खोल्या बांधून ठेवू नका, जागा राखून ठेवा: कोकणातल्या नव्या घराचा आराखडा

वर्षातले बरेच महिने घरात दोन वयस्कर माणसं, मे महिन्यात नातवंडांसकट आठ-दहा आणि गणपतीच्या आठवड्यात वीस-पंचवीस. कोकणात घराचा नकाशा काढताना यातला नेमका कुठला आकडा धरायचा, इथेच पहिली गडबड होते. कुणी गणपतीची गर्दी धरून सहा बेडरूमचा बंगला उठवतो, कुणी आजच्या दोघांपुरतं बांधून मोकळा होतो. चूक दोघांचीही आहे, पण पहिली जास्त महागात पडते. कोकणात रिकामी खोली नुसती रिकामी राहत नाही, ती खराब होते.

जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर हवेची सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. भिंतीलगत इतकी आर्द्रता काही दिवस टिकली की बुरशीला तेवढं पुरतं, गळतीचं पाणी लागतच नाही. राबत्या खोलीत पंखा फिरतो, खिडक्या उघडतात, माणसांचा वावर असतो. कुलूपबंद खोलीत हवा हलत नाही. गाद्या, कपाटांच्या पाठी, ठेवणीतले कपडे यांवर बुरशी चढते, कोपऱ्यातून वाळवी वर येते आणि हे सगळं कळतं गणपतीआधीची साफसफाई काढल्यावर. म्हणून पुढची गरज आज खोल्या बांधून भागवू नये. पुढे खोली निघेल अशी तजवीज मात्र आजच करावी. जमिनीखालचं, भिंतीच्या पोटातलं आणि खांबातलं काम नंतर बदलता येत नाही, बाकीचं थांबू शकतं.

जोतं आणि म्हातारपण

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार जोतं, म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीची उंची, किमान ४५ सेंटिमीटर हवं. कोकणात पावसाचे शिंतोडे आणि अंगणात साचणारं पाणी बघून ६० ते ९० सेंटिमीटर ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. पण व्हीलचेअरच्या उताराला १ ला १२ हे प्रमाण लागतं. ६० सेंटिमीटर जोत्याला ७.२ मीटर लांब उतार, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटरची सपाट जागा, म्हणजे सरळ रेषेत दहा मीटरच्या वर. पायऱ्या, तुळशी वृंदावन आणि गाडीची जागा ठरून गेल्यावर एवढी लांबी अंगणात सापडत नाही. मग कुणीतरी पायऱ्यांवरच सिमेंट ओतून घसरगुंडी करून देतो.

कोकणातली बहुतेक जमीन उताराची, याचा इथे फायदा घेता येतो. जोत्याची पातळी ठरवताना डोंगराकडची बाजू, बहुधा परसदार, जमिनीपासून १५ सेंटिमीटरच वर राहील असं बघावं. तिथे उताराला १.८ मीटर पुरतात. मात्र डोंगराचं पाणी त्याच बाजूने येणार. भिंतीपासून किमान एक मीटर सोडून आडवा चर काढून ते दोन्ही अंगांनी वळवून द्यायला हवं. हा चर राहिला तर पहिल्याच पावसात परसदाराची भिंत ओल धरते. उतार पडवीच्या छपराखाली आणावा आणि त्याच्यावर खराट्याने आडव्या रेघा ओढलेलं काँक्रीट ठेवावं. उघड्यावरचा जांभ्याचा चिरा किंवा गुळगुळीत लादी दोन महिन्यांत शेवाळते.

तळमजल्यावर एक झोपायची खोली आणि तिला जोडून संडास-न्हाणी, एवढं तरी आजच बांधावं. खोली पूर्वेला किंवा उत्तरेला असावी, पश्चिमेचं ऊन संध्याकाळी उशिरापर्यंत भिंतीत मुरलेलं असतं. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर हवी. संडासाला सहसा ७५ सेंटिमीटरची चौकट बसवतात, तिच्यातून व्हीलचेअर जात नाही. आत दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मोकळं राहावं, उंबरा नको, फरशीचा उतारच पाणी जाळीकडे नेईल. आणखी एक गोष्ट जवळपास सगळेच विसरतात. जांभा सच्छिद्र आणि ठिसूळ, त्यात ठोकलेला आधाराच्या दांड्याचा बोल्ट माणसाच्या वजनाने काही दिवसांत हलायला लागतो. कमोडशेजारच्या भिंतीत ६५ ते ९० सेंटिमीटर उंचीवर काँक्रीटची पट्टी आजच भरून ठेवली, तर दांडा दहा वर्षांनीही घट्ट बसेल.

गर्दी सोसते ती पडवी

गणपतीला आलेली माणसं बेडरूममध्ये मावत नाहीत, ती ओटीवर आणि पडवीत मावतात. एका चटईला ७० सेंटिमीटर धरले, तर ७.२ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद पडवीत दहा माणसं आडवी होतात. एरवी तीच जागा काजू-आमसुलं, दुचाकी, वाळत घातलेले कपडे आणि दुपारच्या गप्पा यांच्या कामी येते.

पडवीचं खरं काम मात्र पावसाचं आहे. तीन मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे आठ मीटर वेगाने खाली येतो. वारा ताशी तीस किलोमीटरच्या आसपास वाहत असेल, तर त्याचाही वेग सेकंदाला आठ मीटरच असतो, आणि थेंब ४५ अंशांत तिरका येतो. अशा झडीत ४५ सेंटिमीटरचा छज्जा आपल्याखालची फक्त ४५ सेंटिमीटर भिंत वाचवतो, उरलेली अडीच मीटर न्हाऊन निघते. २.१ मीटर उंचीवर पागोळी असलेल्या २.४ मीटर रुंद पडवीत तोच पाऊस जमिनीवर २.१ मीटर आत येऊन थांबतो, भिंतीला शिवत नाही. वारा वाढला की खालचा भाग भिजतो, म्हणून तर पावसाआधी झापं, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्या, बांधायची पद्धत होती. शहरातल्या नकाशांतून आलेले सपाट पश्चिम दर्शनी भाग इथे दरवर्षी वॉटरप्रूफिंग मागतात आणि तरी गळतात.

पुढे पडवीचीच खोली करायची असेल तर ती उत्तरेची किंवा पूर्वेची असावी. पश्चिमेची बंद केली की आतल्या भिंतीचं संरक्षण गेलं. जी पडवी बंद होणार आहे तिचं जोतं घराच्याच पातळीचं ठेवा, तिच्या खांबांखाली जोत्याचा काँक्रीट पट्टा सलग न्या, आणि मधल्या भिंतीत जिथे पुढे दार येईल तिथे लिंटल, म्हणजे दारावरची आडवी काँक्रीट तुळई, आत्ताच टाकून खाली चिरे रचून घ्या. दहा वर्षांनी नुसते चिरे काढले की दार तयार, वरच्या भिंतीला टेकू द्यावा लागत नाही.

वाढवायचं तर कुठल्या दिशेने

कौलारू घर पागोळीच्या बाजूने वाढत नाही. छपराचा उतार ३० अंश असेल, तर दर मीटरला छप्पर ५८ सेंटिमीटर खाली येतं. तीन मीटरची खोली जोडायला गेलात की कडा पावणेदोन मीटरने खाली, म्हणजे आत वाकून जायचं. घर आढ्याच्या रेषेत, त्रिकोणी भिंतीच्या बाजूला वाढवायचं असतं. तिथे छप्पर त्याच उंचीने पुढे नेता येतं. म्हणून नकाशात एका त्रिकोणी भिंतीबाहेर चार मीटर जागा राखा आणि तिथे विहीर, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, जिना यातलं काहीही येऊ देऊ नका. जुन्या आणि नव्या बांधकामात २५ मिलिमीटरचा सांधा मोकळा ठेवतात. नवा पाया थोडा बसतोच, सांधा नसेल तर भिंत आपला सांधा स्वतः पाडते. खाडीकाठी किंवा समुद्राजवळ जागा असेल तर ही राखीव जागाही सीआरझेडच्या (किनारी नियमन क्षेत्राच्या) मर्यादेत बसते का, ते आधी तपासा.

गावात जागा असताना आडवं वाढणं केव्हाही स्वस्त. तरीही वर मजला चढवायचाच असेल, तर पाया आणि खांब दोन मजल्यांच्या भाराने इंजिनिअरकडून काढून घ्या. कोयना परिसरात ११ डिसेंबर १९६७ ला झालेला भूकंप लक्षात घेता जोतं, लिंटल आणि छप्पर या तिन्ही पातळ्यांवर सलग पट्टा हवाच. स्लॅबचं घर असेल तर जिन्याची जागा, साधारण ३.७ बाय २.१ मीटर, एका कोपऱ्यात ठेवा. तिला ओटीतून एक आणि बाहेरून एक असं दार निघालं पाहिजे. भावाची चूल वेगळी झाली किंवा वर पर्यटक ठेवायचे ठरले, तर खालच्यांची झोपमोड होत नाही.

आता त्या सळया. ‘पुढे मजला चढवू’ म्हणून स्लॅबच्या वर दोन-तीन फूट सळया सोडलेली घरं किनाऱ्यावर गावोगाव दिसतात. काँक्रीटच्या आत सळी सुरक्षित असते, कारण सिमेंटच्या तीव्र अल्कलीमुळे तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर टिकतो. खाऱ्या हवेतले क्लोराइड तो थर फोडतात. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो, काँक्रीट आतून फुगून फुटतं, आणि हा गंज उघड्या टोकापासून खांबात उतरत जातो. उपड्या घातलेल्या बाटल्या किंवा प्लॅस्टिकचे पाइप दमट हवा आत कोंडतात, त्याने वेग वाढतोच. दोन-तीन वर्षांत मजला येणार असेल तर सळया घासून, गंजरोधक लेप देऊन, हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यात पूर्ण बुजवा. जोडासाठी सळीच्या जाडीच्या सुमारे ५० पट लांबी लागते, १६ मिलिमीटरच्या सळीला ८० सेंटिमीटर, त्यामुळे ठोकळाही त्याहून उंच. कधी येणार माहीत नसेल तर सळया सोडूच नका. खांब स्लॅबमध्ये संपवा. पुढे भोकं पाडून रासायनिक अँकरने, म्हणजे भोकात घट्ट होणाऱ्या रसायनाने, सळया बसवता येतात, त्याचा हिशेब तेव्हा इंजिनिअर करील.

खालचं काँक्रीटही क्लोराइडपासून जपायला हवं. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक किनारी हवेतल्या काँक्रीटला ‘तीव्र’ गटात टाकतं: किमान एम ३० दर्जा, सळीवर ४५ मिलिमीटर आवरण, पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.४५ पटीपेक्षा जास्त नाही. साइटवर बहुधा २० किंवा २५ मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (सळीखाली आवरणाचं अंतर राखणारे ठोकळे) पडलेले असतात आणि पाणी मिस्त्रीच्या अंदाजाने. स्लॅब ओतायच्या आदल्या दिवशी ब्लॉक स्वतः मोजा. खाडीची न धुतलेली वाळू वापरू देऊ नका, क्लोराइड तिच्यातूनच आत येतात.

स्लॅबवर पत्र्याची शेड टाकणार असाल तर एक आकडेमोड. निसर्ग चक्रीवादळात, ३ जून २०२० ला, रायगडच्या किनाऱ्यावर वाऱ्याचे झोत ताशी १२० किलोमीटरपर्यंत गेले. या वेगाला हवेचा दाब दर चौरस मीटरला ६५ ते ७० किलो भरतो, छपराच्या कडांना ओढ त्याहून जास्त असू शकते. पत्र्याचं वजन तेवढ्याच जागेत चार-पाच किलो. म्हणजे पत्रा वजनाने टिकत नाही, बोल्टने टिकतो. कडांना आणि कोपऱ्यांना बोल्ट दाट घ्या, आणि शेडचे खांब वरच्या पॅरापेटला (गच्चीच्या कठड्याला) नाही, खालच्या बीमला बांधा.

जमिनीखालचं

आयएस २४७० या सेप्टिक टँकच्या भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांची सेप्टिक टँक आतून १.५ बाय ०.७५ मीटर, पाण्याची खोली एक मीटर. वीस माणसांची २.३ बाय १.१, खोली १.३. पोटात जवळपास तिप्पट फरक, खर्चात तेवढा नाही. इथे मात्र गणपतीचाच आकडा धरा. टाकी मोठी असल्याने दोन माणसांच्या वापराला काही बिघडत नाही.

टाकी वेळेवर उपसूनही ऐन गणपतीत संडास तुंबतो, तो शोषखड्ड्यामुळे, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यामुळे. ऑगस्ट-सप्टेंबरात जमीन पाण्याने भरलेली असते आणि नेमकी तेव्हाच माणसं सर्वांत जास्त. मे महिन्यात पाणी ओतून केलेली शोषणाची चाचणी इथे फसवते. ती जुलै-ऑगस्टमध्ये करा, नाहीतर खड्डा बराच मोठा धरा. पाणी लवकर मुरत नसेल तर दोन खड्डे घ्या. पिण्याच्या विहिरीपासून शोषखड्डा किमान १८ मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्यातल्या पोकळ्यांतून पाणी फारसं गाळलं न जाता धावतं, म्हणून जितकं लांब तितकं बरं. आणि सफाईच्या झपाट्यात बादलीभर फिनेल-ॲसिड संडासात ओतलं की टाकीतले जिवाणू मरतात आणि पाहुणे यायच्या आधीच टाकीचं काम थंडावतं.

पुढच्या संडासासाठी चेंबरमध्ये एक जादा तोंड आजच काढून झाकण लावा. ११० मिलिमीटरच्या पाइपला १ ला ६० उतार धरला तर सहा मीटरला १० सेंटिमीटर पातळी खाली जाते. टाकीचं तोंड हे गृहीत धरून खाली ठेवलं नाही, तर नवा संडास पायरी चढून जाण्याइतका उंच करावा लागतो.

पावसाच्या पाण्याचा हिशेब सोपा. १०० चौरस मीटर छप्पर, वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस आणि ८० टक्के हाती लागणं धरलं तर २ लाख ४० हजार लिटर. सगळं साठवायचं कारण नाही. चार माणसांना पिण्या-स्वयंपाकाला रोज ८० लिटर धरले तर विहीर आटलेल्या शंभर दिवसांना ८,००० लिटर पुरतात. टाकी आज परवडत नसेल तर पन्हळींचे पाइप एका कोपऱ्यात आणून सोडा आणि तेवढी जागा राखा. सोलर आणि गाडीच्या चार्जिंगसाठी छपरापासून मीटरपर्यंत आणि मीटरपासून गाडीच्या जागेपर्यंत एकेक रिकामा पाइप भिंतीत टाकून त्यात पुढे वायर ओढून घ्यायला ओढतार ठेवा.

प्लॅस्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा: पाइप कुठून गेला, काँक्रीटची पट्टी किती उंचीवर, बुजवलेलं दार कोपऱ्यापासून किती अंतरावर. टाकी आणि चेंबर यांची मापं घराच्या दोन पक्क्या कोपऱ्यांपासून घेऊन नकाशावर लिहा आणि एक प्रत मुंबईच्या घरी ठेवा. वाढीव खोली काढायची वेळ येईल तेव्हा आजचा मिस्त्री असेलच असं नाही.