भ्रूणांची तुलना (उत्क्रांतीचा पुरावा)

मासा, कासव, कोंबडी, डुक्कर, माणूस असे पाठीचा कणा असलेले प्राणी भ्रूण असताना, म्हणजे अगदी सुरुवातीला, बघितले तर त्यांची मांडणी बरीच सारखी दिसते, आणि त्यावरून त्यांचा पूर्वज एकच असावा असं म्हणतात, हा उत्क्रांतीचा भ्रूणशास्त्रीय पुरावा. दहावीच्या विज्ञानात हे पटकन उरकतात.

सांगली-साताऱ्याकडं बीएस्सीला झूलॉजी घेतलेल्यांना हे जास्त जवळून माहीत असतं कारण प्रॅक्टिकलला कोंबडीच्या भ्रूणाच्या २४, ३३, ४८, ७२ तासांच्या स्लाइडी ओळखायला लागतात. खरं अंडं बघायचं तर दुकानातलं चालत नाही, लेयर पोल्ट्रीत कोंबडाच नसतो, मग भ्रूण कुठनं येणार, खुडूक कोंबडीखालचं गावरान नाहीतर हॅचरीचं आणायचं. तीन दिवसांचं अंडं जपून फोडलं की बलकावर लाल शिरांचं जाळं आणि मधे धडधडणारा ठिपका दिसतो, मायक्रोस्कोपखाली गळ्यापाशी कमानी, मागं शेपटी, पाय-पंखांच्या जागी नुसते फुगवटे.

त्या कमानींना लोक सर्रास कल्ले म्हणतात, ते चूक. माशात त्यातल्या काहींपासून कल्ल्यांचा आधार बनतो, माणसात पहिल्या कमानीतून जबडा आणि कानातली हातोडा-ऐरण ही हाडं, तिसरं हाड रिकीब मुख्यतः दुसरीतून. शेपूट पण आपल्याला असते, आठव्या आठवड्यापर्यंत जाते आणि माकडहाड तेवढं उरतं.

भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअरनं १८२८ मध्येच लिहिलेलं की सगळ्या गटाची सामायिक लक्षणं आधी दिसतात, खास लक्षणं नंतर (डार्विन मात्र त्याला पुढं पटला नाही). जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेलनं १८७४ ला आठ प्राण्यांच्या भ्रूणांची चित्रं छापली आणि सारखेपणा जरा जास्तच रंगवला, १९९७ मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ रिचर्डसन आणि मंडळींनी खऱ्या भ्रूणांचे फोटो छापले तेव्हा फरक उघड झाला. गर्भ पूर्वजांची वंशावळ परत जगतो हे हेकेलचं म्हणणंही आता कोणी धरत नाही. पण एवढ्यावरून व्हॉट्सॲपवर 'उत्क्रांतीच खोटी' म्हणून फिरवतात ते काही खरं नाही, चित्रं बाद झाली तरी कमानी स्लाइडीत आहेतच.

मला विचाराल तर सगळ्यात भारी पुरावा स्वरयंत्राच्या नसेचा. भ्रूणात ती सहाव्या कमानीच्या रक्तवाहिनीखालून जाते, माशात तो सरळ रस्ता, पण आपली मान लांबली, हृदय खाली छातीत गेलं आणि डावी नस महाधमनीत अडकून खाली ओढली गेली, म्हणून मेंदूकडनं निघून छातीत वळसा घालून परत गळ्यात येते. जिराफात हाच वळसा कित्येक फुटांचा.