गुलमंडीचा रस्ता आधी कोणाचा होता? थोडी पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरातला पैठण गेट ते गुलमंडी हा टिळकपथ पायी चालणाऱ्यांसाठी करा, गाड्या बाहेर ठेवा, असं कुणी म्हटलं की दुकानदारांचा पहिला सवाल ठरलेला असतो, मग गिऱ्हाईक येणार कसं? सवाल चुकीचा नाहीये, पोटाचा आहे. फक्त तो नवीन नाही. १९६२ ला डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या दुकानदारांनी हेच विचारलं होतं, १९७२ ला ब्राझीलमधल्या कुरितिबाच्या व्यापाऱ्यांनी पण हेच, आणि दोन्हीकडं पुढं काय झालं ते आपल्याला आज बसल्या जागी कळतंय. म्हणून म्हटलं जरा मागचं सगळं एकदा मांडून बघावं.

सुरुवात घरापासून. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी वसवली, भडकल दरवाजा १६१२ चा, नंतर फतेहनगर, मग १६५३ ला औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावं बदलत गेली पण आतल्या गल्ल्यांची रुंदी मात्र जवळपास तीच राहिली, कारण ते रस्ते घोडे, पालख्या, बैलगाड्या आणि मुख्य म्हणजे पायी माणसं डोक्यात ठेवून पडलेले. पैठण गेट, दिल्ली गेट, रोशन गेट हे सगळे दरवाजे शहरात येणाऱ्याला थोडं थांबवायलाच बांधलेले होते, आणि आज आपण त्याच कमानीखालून ट्रिपल सीट जायला मिळत नाही म्हणून हॉर्न वाजवतो. १९०० ला मनमाडकडून निजामाची रेल्वे आली, पण स्टेशन तटबंदीपासून लांब दक्षिणेला झालं, त्यामुळं गावात यायला टांगा नाहीतर पाय. म्हणजे साडेतीनशे वर्षं हा बाजार पायांवरच चालला आणि व्यवस्थित चालला.

लातूरचं उदाहरण तर अजून भारी आहे. गंजगोलाई १९१७ ची, आराखडा फैय्याजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराचा, मधी गोल दुमजली इमारत, आत अंबाबाईचं मंदिर आणि चहुबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. कुठं सोनं, कुठं चपला, कुठं मिरची-गूळ, ज्याला जे पाहिजे त्यानं त्या वाटेनं जायचं. आजकाल बाहेरचे सल्लागार प्रेझेंटेशनमधून दाखवतात तसला चालता बाजार मराठवाड्यात शंभर वर्षांपूर्वीच बांधून झालेला होता, आणि त्याच गोलाईत आज चार पावलं सरळ चालता येत नाही.

मग बिघडलं कधी? माझ्या मते सत्तर-ऐंशीच्या दशकात. १९७२ पासून सिडकोनं नवं औरंगाबाद आखायला घेतलं, एन-वन, एन-टू असे सेक्टर, रुंद रस्ते, घरं इकडं आणि बाजार तिकडं, त्यामुळं सिडको-हडकोतल्या माणसाला लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडीला यायचं तर गाडी लागायलाच लागली. तिकडं चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत झाली, मग वाळूजची, १९८५ ला बजाजचा कारखाना तिथं सुरू झाला आणि गंमत बघा, ज्या दुचाक्यांनी आपला बाजार भरून गेला त्या आपणच बनवत होतो. १९८२ ला महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहर पावणेबारा लाखांवर गेलं. आणि त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे ऑक्टोबर २०१० मध्ये, इथल्या मंडळींनी एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या, ती बातमी देशभर गाजली होती, आपल्यालाही लई अभिमान वाटला होता. त्या गाड्या लावायच्या कुठं हे तेव्हा कुणी विचारलं नाही.

महापालिकेचं उत्तर एकच, रुंदीकरण. २०११ च्या आसपास जुन्या शहरात जोरात मोहीम झाली, दुकानांचे पुढचे भाग गेले, जुने वाडे अर्धे कापले गेले, आणि २०२५ मध्ये परत मुकुंदवाडी, पैठण रोड, पडेगाव भागात जेसीबी फिरले. बाहेरच्या मोठ्या रस्त्यांचं मी समजू शकतो. पण बाजारात रुंद केलेल्या जागेत काय येतं ते रोज दिसतं ना, आधी दुचाकींची एक रांग होती ती दोन झाली, दुसऱ्या रांगेच्या पुढं हातगाडी, तिच्या पुढं रिक्षा, आणि चालणारा माणूस जिथं होता तिथंच, रस्त्याच्या मधोमध. रुंदीकरणात फुटपाथ झाला तरी त्यावर दुकानाचा माल येतो.

आता जगाकडं. रस्ता मुळात गाडीचा आणि माणूस मधी कडमडतो ही समजूत पण जुनी नाही बरं का. अमेरिकेत १९२० च्या दशकात गाड्यांखाली माणसं, त्यातही लहान पोरं, फार मरायला लागली, लोक चिडले, तेव्हा मोटारवाल्या संघटनांनी उलटा प्रचार केला की चूक वाट्टेल तिथून रस्ता ओलांडणाऱ्याची आहे, आणि हळूहळू तसे नियमच झाले. तिथून पुढं रस्त्याचं डिझाइन म्हणजे गाडी किती वेगानं जाईल याचाच हिशोब.

या हिशोबाला युरोपात एक मोठा धक्का बसला तो कोपनहेगनच्या स्ट्रॉयट या बाजारपेठेत. १७ नोव्हेंबर १९६२ ला साधारण सव्वा किलोमीटरचा हा रस्ता गाड्यांना बंद केला, तोही आधी प्रयोग म्हणून. दुकानदार खवळले, म्हणाले आमच्या थंडीत रस्त्यावर फिरायला आम्ही काय इटलीतले आहोत का. गिऱ्हाईक कमी न होता वाढलं आणि १९६४ ला बंदी कायम झाली. पण यातली खरी शिकायची गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे त्यांनी घाई केली नाही. १९६२ ला तिथं पायी लोकांची जागा सोळा हजार चौरस मीटरच्या आत होती, ती वाढत वाढत एक लाखाच्या जवळ जायला चाळीस वर्षं गेली, आणि मधल्या काळात गावातलं पार्किंग दरवर्षी थोडं थोडं काढत गेले, इतकं थोडं की कुणाच्या डोळ्यावर आलं नाही.

कुरितिबाचं बरोब्बर उलट. तिथला महापौर जैमी लर्नर, मूळचा आर्किटेक्ट, त्याला माहीत होतं की आधी चर्चा काढली तर कोर्टकचेरीत पाच वर्षं जातील, म्हणून १९७२ मध्ये शुक्रवारी संध्याकाळी काम सुरू केलं आणि सोमवारपर्यंत मुख्य बाजाराचा रस्ता फरसबंद, दिवे-झाडं-बाकांसकट तयार. मोटारवाल्यांनी धमकी दिली की आम्ही गाड्या घालणार, तर यानं रस्त्यावर लांबच लांब कागद अंथरून पोरांना चित्रं काढायला बसवलं. गाड्या कोण घालणार मग. हे ऐकायला भारी वाटतं आणि आपल्याकडचे लोक एवढंच सांगतात, पण पुढचं राहून जातं की दोनच वर्षांत, १९७४ ला, त्यानं स्वतंत्र लेनमधून धावणाऱ्या बसेस सुरू केल्या. बाजारात गाडी नको म्हणायच्या आधी नाहीतर लगेच नंतर बाजारात यायची दुसरी सोय पाहिजे, ती न करता नुसती शाबासकी कुणीही घेईल.

आणि फसलेले पण प्रयोग आहेत, ते लपवायचं कारण नाही. अमेरिकेत कलामाझू शहरानं १९५९ मध्ये देशातला पहिला असा रस्ता केला, मग दोनशेच्या आसपास गावांनी नक्कल केली आणि बहुतेकांनी पुढं गाड्या परत आत घेतल्या, खुद्द कलामाझूनं १९९८ ला. कामून? तर लोक राहायला गावाबाहेर गेले होते, मॉल तिकडंच झाले होते, जुन्या पेठेत मुक्कामाला कुणीच नव्हतं, मग रिकाम्या रस्त्यावर फरशी घालून काय होणार. आपल्या गुलमंडीची परिस्थिती तशी नाही. सराफा, औरंगपुरा, अंगुरीबाग, राजाबाजार, चारी बाजूंनी वस्ती दाट आहे, दुकानाच्या वर घर अजूनही आहे. एवढं भांडवल अमेरिकेतल्या त्या गावांकडं नव्हतं.

भारतात कागदावर सगळं केव्हाच झालंय. २००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणात स्पष्ट आहे की रस्त्याची जागा वाटताना वाहनं नाही तर माणसं केंद्रस्थानी धरा. फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा पाहिजे हे इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. तरी २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातात गेलेल्या १,६८,४९१ लोकांत ३२,८२५ पायी चालणारे होते, जवळपास पाचात एक. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं चालण्याजोगा फुटपाथ हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं.

प्रत्यक्षात झालेली कामं मोजकी. चेन्नईच्या पाँडी बाजारात फुटपाथ भरपूर रुंद करून २०१९ ला प्लाझा खुला झाला, गाड्या चालू ठेवल्या पण कमी जागेत. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोड एक दिवस चालणाऱ्यांना दिला, तेव्हापासून ती तारीख पादचारी दिन झाली. आणि आपल्याला सगळ्यात जवळचं उदाहरण दिल्लीचं चांदणी चौक. तो पण मुघलकालीन बाजार, तशीच दाटी, घाऊक-किरकोळ एकत्र, सप्टेंबर २०२१ पासून तिथं लाल किल्ला ते फतेहपुरी मशीद सकाळी ९ ते रात्री ९ मोटारवाहनं बंद, सायकलरिक्षा चालू, माल रात्री उतरवायचा. पुढं देखरेख ढिली पडली की बाईकवाले घुसतात, अतिक्रमण होतं, तक्रारी येतात, हे पण तितकंच खरं. फरशी एकदाच घालायची असते, राखण रोज करावी लागते.

आपल्याकडं २०१६ ला स्मार्ट सिटीत नाव आलं, २०१९ च्या सुरुवातीला शहर बस धावायला लागली, २०२० ला केंद्र सरकारच्या ‘माणसांसाठी रस्ते’ (स्ट्रीट्स फॉर पीपल) या स्पर्धेत शहर उतरलं. क्रांती चौक ते गोपाल टी, कॅनॉट आणि पैठण गेट-गुलमंडी असे रस्ते त्यात होते आणि जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ११ विजेत्या शहरांत आपलं नाव होतं. कॅनॉट सोपं आहे, सिडकोनं आखलेलं, मोकळी जागा आहे. गुलमंडी अवघड, तिथं खुंट आणि कुंड्या ठेवून भागत नाही.

पण एक गोष्ट कुणी हिशोबात धरत नाही. गुलमंडी गाड्यांना बंद करायची सवय आपल्याला आहेच. दिवाळीच्या गर्दीत पोलीस बॅरिकेड लावून वाहनं अडवतात, विसर्जनाला संस्थान गणपतीची मिरवणूक निघाली की आख्खा दिवस रस्ता माणसांचा असतो. दिवाळीत तर वर्षातला सगळ्यात जास्त धंदा होतो आणि तेव्हा एकही दुकानदार म्हणत नाही की गाडी दारात येत नाही म्हणून गिऱ्हाईक आलं नाही. म्हणजे भीती गाडी बंद होण्याची नाहीये, भीती आहे ती एरवीच्या मंगळवारी दुपारी काय होईल याची. ती भीती खोटी नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर पूर्णवेळ बंदी नको, चांदणी चौकासारख्या तासांची पाहिजे, संध्याकाळी ५ ते ९ पासून सुरुवात केली तरी चालेल. मालाच्या गाड्या सकाळी १० च्या आत. रुग्णवाहिका, अग्निशामक आणि आतल्या रहिवाशांना सूट, नाहीतर पहिल्याच आठवड्यात भांडणं. दुचाकी लावायला पैठण गेट आणि औरंगपुरा या दोन्ही टोकांना पक्की जागा, कारण आपल्याकडं प्रश्न कारपेक्षा दुचाकीचा मोठा आहे आणि युरोपची कॉपी मारताना हेच निसटतं. म्हाताऱ्या माणसांना मधल्या अंतरासाठी ई-रिक्षा. आणि हातगाडीवाले. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्व्हे करून, समितीत बसवून, त्यांना आखून दिलेली जागा द्यायची का गाड्यांबरोबर त्यांनाही हुसकायचं, हे आधी ठरलं पाहिजे, कारण चालणाऱ्यांसाठी म्हणून साफ केलेल्या रस्त्यावरून हुसकण्यात पहिला नंबर नेहमी त्यांचाच लागतो, आणि दहा रुपयांची पिन, वीस रुपयांचा रुमाल घ्यायला येणारी जी बाई आहे ती पायीच येते, ती त्यांच्याकडंच येते.