सामूहिक ग्राहक तक्रार आणि तडजोड

एकाच व्यावसायिकाने एकाच रीतीने अनेकांचे नुकसान केले असेल, तर त्यांतल्या एकाने किंवा काही जणांनी सगळ्यांच्या वतीने केलेली तक्रार म्हणजे सामूहिक तक्रार. वकिलांच्या बोलण्यात ती ‘क्लास अ‍ॅक्शन’ असते. निकालापर्यंत न जाता ती दोन्ही बाजूंच्या संमतीने मिटली, तर त्या अटींना पुण्याच्या कोर्टकचेरीत ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात. जास्तीचे घेतलेले पार्किंगचे पैसे किंवा परत न मिळालेले डिपॉझिट यांसाठी एकट्याने भांडणे परवडत नाही, हजारोंचे मिळून भांडणे परवडते. कल्पना रास्त आहे. मात्र तडजोड झाल्यावर पैसा साध्या ग्राहकाच्या खात्यात किती पोचतो, यावर जगभर वाद आहे आणि तो वाद योग्यच आहे.

ही पद्धत सर्वाधिक वाढली अमेरिकेत. तिथल्या संघराज्य न्यायालयांच्या दिवाणी नियमांपैकी नियम २३ ला आजचे रूप १९६६ मध्ये मिळाले. तडजोडीचा आकडा मोठा असतो, वकिलांची फी त्यातून वळती होते आणि उरलेल्या रकमेसाठी ग्राहकाने अर्ज भरायचा असतो. खरी गळती या अर्जाशी होते. ग्राहकहित सांभाळणाऱ्या तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अर्ज भरणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ९ टक्के निघाले, तर प्रकरणांच्या आकारानुसार काढलेली सरासरी अवघी ४ टक्के. त्याच वर्षी इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचे प्रकरण मिटले. सुमारे १४.७ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली होती आणि प्रत्येकाला १२५ डॉलरपर्यंत रोख मिळेल असा बोलबाला झाला. पण रोखीसाठी बाजूला काढलेली रक्कम होती ३.१ कोटी डॉलर. अर्जांचा पूर आल्यावर, रोख फारच थोडी मिळेल, त्याऐवजी मोफत पत-देखरेखीची सेवा घ्या, असे कमिशनलाच सांगावे लागले. रोखीऐवजी कंपनीची कूपने वाटून प्रकरण मिटवण्याची चाल इतकी बोकाळली होती की २००५ च्या कायद्यात तिला आवर घालावा लागला.

तरीही ही पद्धत कुचकामी आहे असे म्हणता येणार नाही. फोक्सवॅगनचे डिझेल प्रकरण पुणेकरांनी नीट समजून घ्यावे असे आहे, कारण त्याचे एक टोक चाकणच्या कारखान्यात आणि दुसरे वेताळ टेकडीवरच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्ये, म्हणजे एआरएआयमध्ये आहे. चाचणीच्या वेळी धूर कमी दाखवणारे सॉफ्टवेअर गाड्यांत असल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. अमेरिकेत वर्षभरात तडजोड झाली. मालकाला गाडी कंपनीला परत विकण्याची किंवा ती दुरुस्त करून घेण्याची मुभा मिळाली आणि वर साधारण ५,१०० ते १०,००० डॉलर भरपाई. भारतात एआरएआयच्या चाचण्यांनंतर कंपनीने ३ लाख २३ हजारांहून अधिक गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ५०० कोटी रुपयांचा दंड केला, तोही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरायचा. पुढे सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. गाडीच्या मालकाला रोख भरपाई देणारा असा मार्ग इथे निघालाच नाही. तिकडे मालकांची यादी कंपनीकडे तयार होती, रक्कम घसघशीत होती आणि तडजोडीवर न्यायालयाची नजर होती. या तीन गोष्टी जुळल्या की सामान्य माणसाला लाभ होतो.

सत्यम या आयटी कंपनीच्या हिशेब-घोटाळ्यातही असाच फरक दिसला. अमेरिकी बाजारातल्या गुंतवणूकदारांशी कंपनीने २०११ मध्ये १२.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. भारतीय गुंतवणूकदारांची तक्रार राष्ट्रीय ग्राहक आयोगाने आणि सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच दाखल करून घेतली नव्हती. त्यानंतर कंपनी कायदा, २०१३ मध्ये कलम २४५ आले आणि भागधारकांना व ठेवीदारांना सामूहिक दाव्याची वाट मिळाली. ही तरतूद १ जून २०१६ पासून लागू आहे.

भारतात ग्राहकांसाठी ही सोय १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम १२ मध्ये होती, ती आता २०१९ च्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये आहे. १९८६ च्या कायद्यामागे जी चळवळ होती, तिच्यातला एक मोठा प्रवाह पुण्याचा. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये इथेच ग्राहक पंचायत उभी केली. कलम ३५ नुसार समान हितसंबंध असलेले एक किंवा अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने सर्वांसाठी तक्रार करू शकतात. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश १, नियम ८ इथे लागू होतो, म्हणून बाकीच्यांना नोटीस द्यावी लागते. माणसे फार असतील तर ती वर्तमानपत्रात येते. हरवलेले शेअर सर्टिफिकेट, जमिनीचे टायटल, नावातील बदल अशा जाहीर नोटिसांच्या दाटीत, बारीक टायपात. ज्याच्या हक्काचा निवाडा होणार, त्यानेच ती वाचलेली नसते. आणि निकाल मात्र त्याच्यावरही बंधनकारक होतो.

‘समान हितसंबंध’ ही चाळणी कडक आहे. बंगळुरूच्या ब्रिगेड एंटरप्रायझेस या बिल्डरच्या प्रकरणात ५१ सदनिकांच्या ९१ खरेदीदारांनी १,१३४ सदनिकांच्या संपूर्ण प्रकल्पासाठी तक्रार केली होती. सर्वांचे हित एकच कसे, हे तक्रारीत पुरेसे मांडलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये सांगितले आणि तिला ९१ जणांची संयुक्त तक्रार म्हणून चालवण्याची परवानगी दिली. ग्राहक शोधून काढणेच शक्य नसेल, तर विकलेल्या सदोष मालाच्या किंवा सेवेच्या किमतीच्या किमान २५ टक्के रक्कम भरायला लावण्याचा अधिकार आयोगाला आहे. जुन्या कायद्यात हे प्रमाण ५ टक्के होते. वाढ स्वागतार्ह आहे, पण ही रक्कम ग्राहकाच्या हातात थेट पडत नाही. शिवाय मागणी मान्य होईलच असेही नाही. मॅगी नूडल्सच्या कंपनीविरुद्ध केंद्र सरकारने २०१५ मध्ये सुमारे ६४० कोटींची मागणी केली होती. राष्ट्रीय आयोगाने ती एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली.

पुण्यात या मार्गाची गरज सर्वाधिक भासते ती फ्लॅटच्या प्रकरणांत. ताबा लांबलेला, भोगवटा प्रमाणपत्र नाही, पाणी टँकरचे, कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून देण्याचा, पत्ता नाही आणि घरभाडे नि कर्जाचा हप्ता दोन्ही चालू. बिल्डरांवर देखरेख ठेवणारे महारेरा आणि ग्राहक आयोग अशा दोन्ही वाटा खरेदीदाराला खुल्या असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्स प्रकरणात स्पष्ट केले. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग.

ग्राहकांना मिळणाऱ्या भरपाईत वकिलाने वाटा ठरवून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे खर्च फ्लॅटमागे वर्गणी काढून भागवला जातो, आणि इथेच गट फुटतो. वर्गणी भरणारे सही करतात. परदेशी असलेले, बिल्डरशी संबंध बिघडवू न इच्छिणारे, फ्लॅट विकायला काढलेले मागे राहतात. मग कन्सेंट टर्म्सचा मसुदा येतो. त्यात व्याजाऐवजी वर्षभराचा मेंटेनन्स माफ, क्लबहाऊस ‘लवकरात लवकर’, पार्किंगची फेरवाटणी, आणि शेवटी ‘फुल अँड फायनल, यापुढे कोणतीही तक्रार राहिली नाही’ हे वाक्य. थकलेल्या माणसाला कुठेतरी हे संपावे असे वाटत असते, ते समजण्यासारखे आहे. पण तारीख आणि ती चुकल्यास रोजचा किंवा महिन्याचा दंड लिहिलेला नसेल, तर अशा तडजोडीत बिल्डरची सुटका तेवढी पक्की असते.

उरलेल्यांसाठी कायद्यात आधार आहे, तो फारसा कुणी वापरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २३ मधील नियम ३ख नुसार प्रातिनिधिक दाव्यातली तडजोड न्यायालयाच्या परवानगीशिवाय रद्दबातल ठरते, आणि परवानगीपूर्वी हितसंबंधितांना नोटीस द्यावी लागते. नोटीस पाहिलेला कोणीही आदेश १, नियम ८ खाली पक्षकार होण्याचा अर्ज करू शकतो आणि रक्कम खात्यात थेट जमा व्हावी, वाटपाचा हिशेब आयोगापुढे यावा, अशी मागणी करू शकतो. प्रवास रद्द झाल्यावर फक्त कूपन देणाऱ्या ओला या टॅक्सी-अ‍ॅप कंपनीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, परतावा बँकेत हवा की कूपनात हे ग्राहकाला निवडू द्या, असा आदेश दिला. तो सामूहिक दाव्यातला नव्हता, तरी मसुद्यावर हरकत घेताना त्याचा दाखला देता येतो.