हीट पंप आणि जुनं घर: अंडरफ्लोअर लागतंच असं नाही

इंग्लंडमध्ये जुनं घर घेऊन मागे एक्स्टेन्शन काढणाऱ्या आपल्या लोकांना कोणीतरी सांगतंच की हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर आत खेचून घर गरम करणारं यंत्र) जुन्या घरात चालत नाही, सगळीकडे अंडरफ्लोअर (फरशीखाली गरम पाण्याचे पाइप) करावं लागतं, त्यापेक्षा मोठा गॅस बॉयलर टाका. हे अर्धवट आहे.

मुद्दा पाण्याच्या तापमानाचा आहे. बॉयलर रेडिएटरमधून (खोली गरम करणाऱ्या भिंतीवरच्या पॅनेलमधून) ६०-७० डिग्रीचं पाणी फिरवतो, हीट पंपाला ३५ ते ५० परवडतं, म्हणून तेवढीच उष्णता द्यायला रेडिएटर मोठे लागतात, बस, आणि तेही सगळ्या खोल्यांत नाही. थंडीत बॉयलरचं फ्लो टेंपरेचर (रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचं तापमान) ५० वर आणून बघा, घर उबदार राहिलं तर निम्मं उत्तर मिळालं. नव्या भागात फ्लोअर तसाही नवीन होणार, तिथे खुशाल पाइप टाका. पण आधी खोलीनिहाय हीट लॉस (थंडीत किती उष्णता बाहेर जाते ते) काढून घ्या, अंदाजाने पंपाचा साइज सांगणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

गरम पाण्याच्या सिलेंडरला (साठवणीच्या टाकीला) जागा लागते, ती प्लॅनमध्येच ठेवा, नंतर कपाट तोडावं लागतं. बिल मात्र आपोआप कमी होत नाही हां, तिथे वीज गॅसपेक्षा कितीतरी महाग आहे, त्यामुळे एका युनिट विजेत तीन युनिटपेक्षा कमी उष्णता मिळाली तर बचत विसरा.