गणिताचं ब्रेल पुस्तक मागवताय? फाईल पाठवायच्या आधी एवढं वाचा

आम्ही अंध लेकरांसाठी ब्रेलमध्ये, म्हणजे बोटानं वाचायच्या उठावाच्या ठिपक्यांत, पुस्तकं छापून देतो. जून लागला की लातूर, नांदेड, परभणीकडून फोन सुरू होतात, "मराठीचं पुस्तक आठ दिवसात दिलं, मग गणितालाच महिना काहून?" फोनवर सांगून सांगून घसा बसला, म्हणून हे पत्रक काढलंय.

आधी एक सांगतो. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून ब्रेल पुस्तकं मोफत मिळतात, त्यामुळं शाळेतल्या विशेष शिक्षकांना अगोदर विचारा, मिळत असलं तर आमच्याकडं पैसे घालू नका. आमचं काम पडतं ते पुस्तक यायला उशीर झाला किंवा क्लासच्या नोट्स, सराव प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये पाहिजे असल्या तर.

आता खरी अडचण. आमचं काम सोपं व्हावं म्हणून पालक पीडीएफमधला मजकूर कॉपी करून वर्डमध्ये टाकून पाठवतात. धड्याला हे चालतं, गणिताला नाही. अपूर्णांकाची आडवी रेघ कॉपीत येत नाही, घातांक खाली उतरून बसतो. मागच्या साली पुस्तकात होतं पाऊण लिटर दूध, वर ३, खाली ४, आणि आलेल्या फाईलीत झालं ३४ लिटर! मजकुराचं ब्रेल करणाऱ्या सॉफ्टवेअरला दुधाचं काय, त्यानं गुमान चौतीस केलं, प्रिंटरनं ठिपके ठोकले, पोरीनं बोट फिरवलं आणि बापाला विचारलं, "बाबा, एवढं दूध एका घरात कशाला?" हसलो आम्ही, पण चाळीस पानं रद्दीत गेली आणि ती आमच्या खर्चानं. एक्सच्या वर्गाचं नुसतं एक्स २ झालं की हसूही येत नाही, लेकरू अख्खं उदाहरण नीट सोडवतं अन् उत्तर चुकतं.

कारण ब्रेलमध्ये वर-खाली लिहिणं नसतं, सगळं एका ओळीत. म्हणून अपूर्णांक कुठं सुरू झाला, रेघ कुठं आली, कुठं संपला, याच्या वेगळ्या खुणा द्याव्या लागतात. ही नेमेथ पद्धत, १९५२ साली आलेली, बसवणारे अब्राहम नेमेथ अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक, स्वतः अंध. तेव्हा मूळ पीडीएफ तशीच पाठवा नाहीतर छापील पुस्तक एसटी पार्सलनं टाका, समीकरणं आम्ही हातानं भरतो.

दुसरं, लेकरू अंक कोणत्या पद्धतीनं शिकलंय ते त्यालाच विचारा. नेहमीच्या ब्रेलमध्ये अंकचिन्हानंतर (पुढं अंक आहे हे सांगणारी खूण) १ म्हणजे सहा ठिपक्यांतला पहिला ठिपका, नेमेथमध्ये दुसरा. आणि सेमी इंग्लिश असेल तर तसं सांगा, ऑर्डरमध्ये नुसतं "आठवी" लिहिलं की आम्ही मराठीच धरतो.

महाग का, तर छापील एका पानाची ब्रेलमध्ये अडीच-तीन पानं होतात, गणितात जास्तच. भूमितीच्या आकृत्या शिवणकामातल्या ट्रेसिंग व्हीलनं कागदाच्या मागून उठवतो, एकेक करून. घनाची तिरकी आकृती मात्र काढत नाही, बोटाला ती नुसती रेघोट्यांची गुंतवळ लागते, त्यापेक्षा घरात एखादं चौकोनी खोकं असलं तर ते हातात द्या. शेवटचं प्रूफ आमचे सर स्वतः बोटानं वाचतात आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय पान बाइंडिंगला जात नाही, मग गिऱ्हाईक कितीबी घाई करो.

पोस्टानं अंधांच्या साहित्याला टपालखर्च लागत नाही, पण पाकिटाला ७ किलोची मर्यादा आहे, म्हणून पुस्तक खंडाखंडानं येतं, एक खंड आधी आला म्हणजे बाकीचे हरवले असं नाही. आल्यावर उभे ठेवा, एकावर एक रचून माळ्यावर टाकलं की ठिपके दबतात आणि मग फोन आम्हालाच येतो.

अख्ख्या पुस्तकासाठी थांबायची गरज नाही, शाळेत चालू असलेली दोन प्रकरणं आधी काढून देतो, बाकी मागून. आणि वर्डची फाईल करून ठेवलीच असेल तर असू द्या, फक्त सोबत मूळ पीडीएफ जोडा.