रियाजाच्या यंत्रातली फुगलेली बॅटरी

ग्वाल्हेरला लष्कर भागात आमच्या शेजारच्या काकूंकडे गाण्याची शिकवणी चालते. मे महिन्यातल्या एका दुपारी त्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा गादीवर चार्जिंगला होता. मूळचा अ‍ॅडॉप्टर सापडेना, म्हणून कुणीतरी की-बोर्डचा लावला. आधी गोडसर, उग्र वास आला, मग फुस्स करून धूर. गादी जळाली, माणसं दुसऱ्या खोलीत होती म्हणून निभावलं.

यंत्रात लिथियम-आयन सेल होता. त्याच्या दोन इलेक्ट्रोडांमध्ये, म्हणजे आतल्या धन आणि ऋण टोकांमध्ये, केसाहून पातळ प्लास्टिकचा पडदा असतो आणि आतला द्रव ज्वलनशील असतो. अशा सेलची मर्यादा साधारण ४.२ व्होल्ट. चुकीच्या अ‍ॅडॉप्टरनं त्यापुढे चार्जिंग रेटलं की ऋण बाजूवर लिथियम धातूचा थर साचतो, द्रवाचं विघटन होऊन वायू तयार होतो, सेल फुगतो. वेळीच चार्जिंग तोडायला एक छोटं सर्किट असतं, पण स्वस्तातल्या बदली बॅटरीत कधी कधी नेमकं तेच नसतं. काकूंनी मागच्याच वर्षी बॅटरी बदलून घेतली होती.

ग्वाल्हेरचा मे ४५ अंशांपर्यंत तापतो, त्यात खाली कापसाची गादी. सेलची उष्णता जाणार कुठे? तो ८० ते १२० अंशांपर्यंत तापला की ऋण इलेक्ट्रोडवरचं संरक्षक आवरण मोडू लागतं आणि त्यातूनच आणखी उष्णता निघते. १३० च्या आसपास पॉलिएथिलीनचा पडदा वितळतो, इलेक्ट्रोड भिडतात. इथून पुढे प्लग काढूनही काही थांबत नाही. धन बाजूचं ऑक्साइड तापून स्वतःच ऑक्सिजन सोडतं, त्यामुळे पांघरूण टाकून ही आग विझत नाही. सेल थंडच करावा लागतो, भरपूर पाण्यानं. पण आधी मेन स्विच बंद. ज्वाळा मोठ्या असतील तर घराबाहेर पडायचं आणि १०१ ला फोन.

त्या तानपुऱ्याचं झाकण बरेच दिवस नीट बसत नव्हतं. सेल फुगल्याची ती खूण होती. अशी बॅटरी दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्ज तर मुळीच करू नये.

मला जास्त काळजी अ‍ॅडॉप्टरची वाटते. वाजवणाऱ्यांच्या घरात ते ढिगानं असतात आणि पिन बसली की लोक लावून मोकळे होतात. गिटारचा आवाज बदलणाऱ्या बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट लागतात आणि पिनच्या मध्यभागी ऋण टोक असतं. इतर कितीतरी यंत्रांत तिथे धन टोक असतं. व्होल्ट आणि टोकांची खूण दोन्ही अ‍ॅडॉप्टरवर छापलेली असते. ती यंत्राशी ताडून पाहा.

निकामी बॅटरी कचरागाडीत टाकू नका, दाबली गेली की ती तिथेही पेट घेते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.